माइकची जागा पक्की माहीत नसताना आवाजाचा ठाव कसा काढायचा

त्या रात्रीचा नकाशा मी अजून जपून ठेवला आहे. साधारण ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद झाडीत बांधलेले सहा माइक, आणि झाडीपलीकडे तळ्याच्या काठावरच्या उंच झाडावरून घुमणारं एक घुबड. झाड कुठलं ते मला माहीत होतं, चांदण्यात पक्षीसुद्धा दिसला होता. आवाज प्रत्येक माइकला थोड्या वेगळ्या वेळी पोचतो, आणि त्या फरकांवरून तो कुठून आला हे गणितानं काढतात. त्या गणितानं मात्र पक्ष्याला तळ्यात नेऊन बसवलं, काठापासून नऊ मीटर आत, उघड्या पाण्यावर. त्या रात्री बावीस हाका नोंदल्या, आणि बावीसही हाकांचे ठिपके पाण्यावरच, एकमेकांना चिकटून पडले.

त्या चिकटून पडण्यानंच मला फसवलं. ठिपके विखुरले असते तर मला शंका आली असती. ते इतके जवळ जवळ होते की मी तासभर स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेत बसले. चूक सकाळी सापडली. चौथ्या माइकपर्यंत अंतर मोजताना टेप खोडाला वळसा घालून गेली होती, आणि शिवाय मी मोजलं होतं रेकॉर्डरच्या डब्यापर्यंत. माइक वायरनं वरच्या फांदीवर गेला होता. दोन्ही मिळून ८० सेंटिमीटरचा फरक.

माइक किंवा कुठलेही सेन्सर वापरून आवाजाचा उगम शोधणाऱ्यानं आधी हे समजून घ्यावं. वेळ मोजण्यातली चूक दर वेळी नवी असते. आज थोडी पुढे, पुढच्या हाकेला थोडी मागे. पुष्कळ हाकांची सरासरी घेतली की ती विरते. सेन्सरच्या जागेतली चूक मात्र पहिल्या हाकेला जेवढी असते तेवढीच शंभराव्या हाकेला असते. सरासरीनं ती जात नाही, उलट चुकीच्या उत्तराला ठामपणा येतो. पण तिचा हा हट्टीपणाच आपल्या कामाचा आहे. जी चूक बदलत नाही ती शोधून काढता येते. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

चूक किती महागात पडते याचा अंदाज आधी घ्या. दोन माइक एकमेकांपासून २० मीटरवर आहेत आणि आवाज साधारण समोरून येतोय. एक माइक आवाजाच्या दिशेनं अर्धा मीटर पुढे-मागे असेल तर दिशा जवळजवळ दीड अंशानं चुकते. १०० मीटरवर तेच अडीच मीटर होतात. आता फोनच्या जीपीएसवर विसंबून माइकची जागा लिहिली असेल तर मोकळ्या आकाशाखालीही चूक पाचेक मीटरची धरावी लागते, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणजे दिशा चौदा अंशांनी बदलली. आवाज माइकांच्या घेऱ्यात असेल तर पुष्कळ काही सावरलं जातं. घेऱ्याबाहेर गेला की दिशा बरी मिळते आणि अंतर भलतंच येतं. माझ्या घुबडाचं हेच झालं होतं.

म्हणून मांडणी करताना माइक एका ओळीत कधीच लावू नका. ओळीतल्या माइकांना आवाज ओळीच्या या बाजूचा की त्या बाजूचा हे कळत नाही. ज्या भागातून आवाज येण्याची शक्यता आहे त्याला शक्य तेवढा घेर घाला, एखादा माइक मध्ये ठेवा. माइक लोंबकळता नको. वाऱ्यानं दहा सेंटिमीटर हलला की तीही जागेतलीच चूक. आणि मोजमाप माइकच्या तोंडापर्यंत घ्या, डब्यापर्यंत नाही.

मोजायचं कसं

जीपीएसचे आकडे लिहून ठेवा, पण त्यांचा उपयोग सगळा संच पृथ्वीवर कुठे आहे आणि उत्तर दिशा कुठे आहे एवढ्यापुरताच. माइकांची आपसातली मांडणी टेपनं किंवा लेझरनं मोजा. सहा माइक असतील तर जोड्या पंधरा होतात. झाडीत पंधराही मोजता येत नाहीत, मला दहा-अकरा मिळतात. तेवढ्या पुरतात. जमिनीपासूनची उंची प्रत्येक माइकची वेगळी मोजा. ते काम सोपं आहे आणि नंतर उंची हुडकत बसण्याचा त्रास वाचतो.

आता ज्या सवयीनं माझं काम खरोखर बदललं ती सांगते. प्रत्येक आकड्यापुढे 'कमी-जास्त किती' हे तिथल्या तिथे, मोजतानाच लिहायचं. सरळ, ताणलेली टेप: ५ सेंटिमीटर. मध्ये झुडूप आलं, टेप झुकली: २० सेंटिमीटर. अंधारात, एकटीनं, टोक दगडाखाली दाबून: ४० सेंटिमीटर. घरी आल्यावर सगळे आकडे सारखेच खरे वाटायला लागतात, म्हणून हे घरी लिहून चालत नाही. पुढे गणिताला हाच रकाना सर्वांत जास्त लागतो.

घड्याळांचं थोडक्यात. सगळे माइक एकाच रेकॉर्डरला वायरनं जोडले असतील तर प्रश्नच नाही. वेगवेगळे रेकॉर्डर असतील तर त्यांची घड्याळं एकमेकांपासून सरकत जातात. साधं क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत २० भागांनी चुकलं तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, आणि तेवढ्या वेळात आवाज जवळजवळ २५ मीटर जातो. जीपीएसची वेळ घेणारे रेकॉर्डर वापरा, नाहीतर खाली सांगते तो टाळ्यांचा प्रकार सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा करा.

हवेचं तापमानही नोंदवा. आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१.३ मीटर धरा आणि दर अंशाला ०.६ मीटर वाढवा. २४ अंशांना तो ३४५.७ येतो. तापमान पाच अंशांनी चुकलं तर ६० मीटरच्या अंतरात अर्धा मीटर चुकतो. टेप काळजीपूर्वक धरून कमावलेलं सगळं तिथे जातं, म्हणून थर्मामीटर माइकच्या उंचीवर, सावलीत लटकवा.

टाळ्या वाजवत फिरणं

कामाचा गाभा हा. ज्या माइकांच्या जागा नीट माहीत नाहीत त्या जागा आवाजाकडूनच विचारून घ्यायच्या. मी हातभर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या बिजागरीनं जोडून घेतल्या आहेत. त्या आपटल्या की आवाज कोरडा आणि एकदम उठतो. त्याची सुरुवात रेकॉर्डिंगमध्ये मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी वाचता येते, म्हणजे अंतरात साडेतीन सेंटिमीटर. हाताच्या टाळीनं हे जमत नाही, फुगा फोडला तर जमतं.

पहिली फेरी: प्रत्येक माइकला पट्ट्या जवळजवळ टेकवून एकेक टाळी. याचा फायदा एका जोडीवर दाखवते. माइक २ पाशी वाजवलेली टाळी माइक ५ च्या घड्याळानुसार ११२.४ मिलिसेकंद उशिरा पोचली. मग माइक ५ पाशी वाजवली, ती माइक २ च्या घड्याळानुसार १०१.० मिलिसेकंद उशिरा पोचली. जाता-येता अंतर तेच, म्हणून या दोहोंची सरासरी, १०६.७ मिलिसेकंद, हा खरा प्रवासाचा वेळ. २४ अंशांच्या हवेत ते ३६.९ मीटर झाले. आणि दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा भाग, ५.७ मिलिसेकंद, एवढं माइक ५ चं घड्याळ पुढे आहे. दोन टाळ्यांत अंतरही मिळालं आणि घड्याळाची चूकही.

यात वाऱ्याची एक खोच आहे. अंतर काढताना वारा जवळजवळ कटून जातो, कारण तो जाताना मदत करतो आणि येताना अडवतो. पण नेमक्या त्याच कारणानं तो घड्याळाच्या चुकीत शिरतो. जोडीच्या रेषेत सेकंदाला दोन मीटरचा वारा असेल तर वरच्या अंतरात घड्याळाची चूक ०.६ मिलिसेकंदानं खोटी निघते, म्हणजे २१ सेंटिमीटर. म्हणून ही फेरी हवा पडलेली असतानाच करा. मी संध्याकाळी झाडाची पानं थांबण्याची वाट बघत बसते, आणि ती वाट बघणं वाया जात नाही.

दुसरी फेरी: आता मोकळं फिरत, माइकांच्या घेऱ्याच्या आत आणि बाहेर, पंधरा-वीस ठिकाणी टाळ्या. या जागा मोजायच्या नाहीत. आपण कुठे उभे होतो हे माहीत नसताना या टाळ्यांचा काय उपयोग, असं पहिल्यांदा वाटतं. हिशेब करून पाहा. सपाट जमिनीवर सहा माइक धरले तर त्यांच्या जागांचे बारा अज्ञात आकडे. पूर्ण संच सरकवणं आणि फिरवणं याचे तीन वजा केले की नऊ उरतात. प्रत्येक टाळी तीन नवे अज्ञात आणते: दोन जागेचे, एक वेळेचा. पण ती सहा नोंदीही आणते. तीन टाळ्यांना नोंदी अठरा आणि अज्ञातही अठरा, बरोबरी झाली. वीस टाळ्यांना नोंदी १२० आणि अज्ञात फक्त ६९. उरलेल्या नोंदी चुका पकडायला मोकळ्या. तीन माइकांवर मात्र हे कधीच जमत नाही, कारण प्रत्येक टाळी जितकं सांगते तितकंच नवं विचारते. टाळ्या कितीही वाजवा, तीन आकडे कमीच पडतात. चारांवर पाच टाळ्यांपासून हिशेब जुळतो, पण मी सहांच्या खाली जात नाही.

टाळ्या एका रेषेत चालत वाजवू नका, आणि सगळ्या लांबूनही नकोत. फार लांबून आलेला आवाज फक्त दिशा सांगतो. घेऱ्याच्या आतल्या टाळ्या सर्वांत मोलाच्या.

ही कल्पना जुनी आहे. अज्ञात जागेवरच्या स्रोतांवरून सेन्सरच्या मांडणीचा आकार काढता येतो, आणि त्यासाठी काय काय ठाऊक असावं लागतं, हे रॉका आणि शुल्थाइस यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्यांना एका सेन्सरची जागा आणि त्याच्यापासून दुसऱ्याची दिशा धरून चालावं लागलं, कारण नुसत्या आवाजावरून पूर्ण संच कुठे आहे आणि किती फिरलेला आहे हे कळूच शकत नाही. आरशातली प्रतिमा हीसुद्धा तितकीच बरोबर वाटते. त्यामुळे उत्तर आल्यावर माइक घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं १, २, ३ असेच येतात ना, हे डोळ्यांनी तपासा. आणि आवाजाचा वेगही अज्ञात ठेवणार असाल तर किमान एक लांब अंतर टेपनं नीट मोजलेलं हवं. नाहीतर सगळा नकाशा मोठा-लहान होत राहील.

जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या माइकांच्या, केबलचीही हीच अडचण असते. जहाज वळलं की केबल वाकते. समुद्राच्या तळाशी सोडलेले भूकंपमापक खाली जाताना प्रवाहानं सरकतात, म्हणून वरून जहाज वेगवेगळ्या जागांहून ध्वनीचे संदेश पाठवून त्यांची खरी जागा काढतं. तिथलं जहाज म्हणजे माझ्या लाकडी पट्ट्याच.

गणिताला काय सांगायचं

मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सायपाय या गणिती संचातलं लीस्ट स्क्वेअर्स वापरते. फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी उत्तरं ते शोधतं. अज्ञातांच्या यादीत माइकांच्या जागा, टाळ्यांच्या जागा, टाळ्यांच्या वेळा आणि हवा असेल तर आवाजाचा वेग. मग दोन प्रकारचे फरक त्याला द्यायचे. पहिला: प्रत्येक टाळीची मोजलेली वेळ आणि मानलेल्या जागांवरून येणारी वेळ यांतला फरक, भागिले वेळेतली अनिश्चितता. दुसरा: प्रत्येक माइकची मानलेली जागा आणि टेपवरून आलेली जागा यांतला फरक, भागिले त्या माइकपुढे लिहिलेलं 'कमी-जास्त किती'.

दुसरा प्रकार गाळलात तर टेपचं सगळं काम फुकट. आणि भागाकार गाळलात तर ५ सेंटिमीटरवाला माइक आणि ४० सेंटिमीटरवाला माइक गणिताच्या लेखी सारखेच. भागाकार असला की गणित नीट मोजलेल्या माइकला जागेवर राहू देतं आणि शंकास्पद माइकला सरकवतं. त्यासाठीच तो रकाना झाडाखाली उभं राहून भरायचा होता.

एखादी टाळी खोडावरून परावर्तित होऊन येते आणि तिचा आकडा भलताच निघतो. वर्ग घेणाऱ्या पद्धतीत असा एक आकडा सगळ्यांना ओढून नेतो, म्हणून सायपायमध्येच असलेला ह्यूबर किंवा सॉफ्ट-एल-वन हा पर्याय निवडा, तो भलत्या मोठ्या फरकांना कमी वजन देतो. सुरुवातीचा अंदाज टेपचाच द्या, शून्यापासून सुरू करू नका.

मग उरलेल्या फरकांचा तक्ता छापून बघा. आडवे माइक, उभ्या टाळ्या. हा तक्ता वाचायला शिकणं हेच या कामातलं कसब आहे. एखादी ओळ पूर्ण बिघडलेली असेल तर ती टाळी खराब. एखाद्या स्तंभात सगळे आकडे एकाच चिन्हाचे असतील तर त्या माइकच्या घड्याळाकडे बघा. टाळी एका बाजूनं आली की अधिक आणि दुसऱ्या बाजूनं आली की उणे असं होत असेल तर माइकची जागा चुकली आहे आणि तुम्ही तिला पुरेसं सुटं सोडलेलं नाही. घुबडाच्या रात्री माझ्याकडे फक्त घुबड होतं, एकाच बाजूला. चौथा स्तंभ सतत एका बाजूला झुकलेला होता आणि मी ते घड्याळाचं मानलं. दुसऱ्या दिवशी घेऱ्याच्या आत टाळ्या वाजवल्या आणि चिन्हं पालटली, तेव्हा उलगडलं.

खरा आवाज शोधताना

माइकांच्या सुधारलेल्या जागा मिळाल्या की ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याच्याकडे वळा. दोन माइकांतला वेळेतला फरक काढायला क्रॉस-कोरिलेशन वापरतात, म्हणजे एक नोंद दुसरीवर सरकवत जायचं आणि जुळणी सर्वांत जास्त कुठे होते, तिचं टोक कुठे येतं, ते बघायचं. त्यातली फेज ट्रान्सफॉर्म लावलेली, म्हणजे आवाजातल्या सगळ्या वारंवारतांना सारखंच वजन देणारी पद्धत, नॅप आणि कार्टर यांच्या १९७६ च्या लेखातली, प्रतिध्वनी असलेल्या जागी चांगली चालते, कारण ती टोक धारदार करते. पण घुबडाची हाक जवळजवळ एका सुराची असते. वारंवारतेच्या ज्या पट्ट्यांत घुबडाचा आवाजच नाही तिथला खडखडाटही ही पद्धत तितकाच मोठा करते. म्हणून आधी हाकेच्या वारंवारतेपुरताच सिग्नल गाळून घ्या. शिवाय ४०० हर्ट्झच्या सुराची एक लहर २.५ मिलिसेकंदांची, म्हणजे ८६ सेंटिमीटरची. कोरिलेशनचं शेजारचं टोक पकडलं की उत्तर तेवढ्या उडीनं चुकतं. हाकेची सुरुवात आणि शेवट यांच्याशी टोक जुळतंय का ते बघा.

जागा काढताना माइकांची उरलेली अनिश्चितता विसरू नका. सुधारणा केल्यावरही प्रत्येक माइक पाच-दहा सेंटिमीटरनं संशयित राहतोच, आणि एका माइकची चूक तो ज्या ज्या जोडीत आहे त्या सगळ्या जोड्यांत एकत्र उतरते. वेळेच्या कोव्हेरियन्समध्ये, म्हणजे कुठली चूक किती आणि कुठल्या चुका एकत्र चालतात याच्या तक्त्यात, ही जागेची भर घालूनच वजनं ठरवा. संदर्भ माइक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांच्या वेळा ताडायच्या तो, सर्वांत नीट मोजलेला निवडा. नकाशावर ठिपका काढू नका, खरी जागा बहुधा ज्याच्या आत असेल असं लंबवर्तुळ काढा. माझ्या त्या रात्रीच्या नोंदी मी नंतर असं करून पाहिल्या, माइक ४ पुढे ५ ऐवजी प्रामाणिकपणे ६० सेंटिमीटर लिहून. तेव्हा लांबट, काठावरून तळ्यात शिरणारं लंबवर्तुळ आलं, आणि झाड त्याच्या आत होतं.

माग काढताना, म्हणजे आवाज हलत असेल तर, कालमन फिल्टर लागतो. दर नव्या नोंदीबरोबर तो जागेचा अंदाज सुधारत नेतो. १९६० पासूनचं हे साधन आहे आणि त्यावर चांगलं लिखाण भरपूर आहे, म्हणून मूळ पद्धत इथे सांगत नाही. सांगायचं ते इतकंच की फिल्टर दर मोजमापातली चूक नवी आहे असं मानतो, आणि माइकच्या जागेची चूक नवी नसते. तिची दखल न घेता फिल्टर चालवला तर वीस-पंचवीस हाकांनंतर तो स्वतःबद्दल फाजील खात्री बाळगू लागतो आणि नव्या नोंदींकडे दुर्लक्ष करतो. दोन उपाय आहेत. माइकांच्या जागाही फिल्टरच्या स्थितीत, म्हणजे तो ज्यांचा अंदाज सुधारतो त्या आकड्यांच्या यादीत, घाला, हळूहळू बदलू शकणाऱ्या म्हणून. मग हलणारा पक्षीच चालत्या टाळीचं काम करतो आणि माइक सुधारत जातात. किंवा श्मिट-कालमन प्रकार वापरा, ज्यात माइकच्या जागा सुधारत नाहीत पण त्यांची अनिश्चितता शेवटपर्यंत हिशेबात राहते. पक्षी एकाच बाजूला फिरत असेल तर मी दुसरा घेते, कारण एका बाजूच्या आवाजावरून माइक सरकवायला गेलं की ते चुकीकडेही सरकतात.

उडणाऱ्या पक्ष्याबाबत आणखी एक. १०० मीटरवरून आवाज पोचायला ०.२९ सेकंद लागतात. सेकंदाला दहा मीटर वेगानं उडणारा पक्षी तेवढ्यात तीन मीटर पुढे गेलेला असतो. नोंदीची वेळ आवाज निघाल्याची लिहा, पोचल्याची नाही.

सगळं झाल्यावर तपासणी. टाळ्यांपैकी तीन-चार जागा टेपनं मोजून ठेवलेल्या असाव्यात आणि त्या गणितापासून लपवाव्यात. शेवटी त्याच पद्धतीनं त्यांचा ठाव काढा आणि खऱ्या जागा लंबवर्तुळांत पडतात का बघा. चारांपैकी दोन बाहेर पडल्या तर तुमचा 'कमी-जास्त किती' हा रकाना फाजील खात्रीनं, फार लहान आकड्यांनी भरला गेलाय. आकडे वाढवा आणि पुन्हा चालवा.

पहाटे माइक सोडवण्याआधी प्रत्येकापाशी पुन्हा एकेक टाळी वाजवा. दमलेलं असताना हे नकोसं वाटतं, मलाही वाटतं. पण गेल्या वेळी माइक २ रात्रीत ११ सेंटिमीटर खाली आलेला निघाला. दवानं दोरी भिजून सैल झाली होती. संध्याकाळच्या आणि पहाटेच्या दोन जागांमध्ये तो हळूहळू उतरला असं धरून मी रात्रभराच्या हाका पुन्हा मांडल्या, आणि मध्यरात्रीनंतर एका बाजूला वाहत गेलेले ठिपके त्यांच्या झाडावर परत आले.